वडाळ्याचा रस्ता

प्रिय अण्णा,

शेजारच्या वैशालीवहिनींना आज दुपारी मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं, तरी ही बातमी आधी तुम्हालाच सांगावीशी वाटली.

त्या दिवशी आपल्या उपनगरच्या कॉलनीतून निघालो तेव्हा गाडी मी चालवत होते. तुम्ही मागे, आईच्या खांद्यावर डोकं टेकून. छातीत कळा येत असतानाही म्हणालात, "प्रज्ञा, द्वारकेच्या चौकातून जाऊ नको. वडाळ्यावरून घे."

आणि मी काय म्हणाले? "अण्णा, बोलू नका, शांत पडा!" उभा जन्म एसटी चालवलेल्या माणसाला मी रस्त्यावरून गप्प केलं.

द्वारकेला अर्धा तास अडकलो. पुढे ट्रक, मागे बस. तुम्ही पुन्हा एक शब्द बोलला नाहीत. का नाही ओरडलात माझ्यावर? मुंबई नाक्याच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. लवकर आणूनही वाचले असते असं नाही, असं डॉक्टर म्हणाले. मला अजून पटत नाही.

मग एका रविवारी मी कंप्युटरपुढे बसले आणि एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. "म्हणजे काय गं?" विचारलं असतंत ना! कंप्युटरला एकदा काम नेमून द्यायचं, मग तो आपलं आपण करत राहतो. आपल्या कॉलनीतून दवाखान्यापर्यंत द्वारकेवरून किती वेळ लागेल आणि वडाळ्यावरून किती, हे तो दर दहा मिनिटांनी नकाशावर बघतो. फरक मोठा असला की कॉलनीच्या ग्रुपवर मेसेज टाकतो.

सुरुवातीला माझं काहीतरी चुकलं आणि दिवसभर मेसेज! समोरच्या मावशी वैतागल्या, "अगं, फोन नुसता टुणटुण करतोय. बंद कर ते!" तुम्ही किती हसला असतात!

आज वहिनींना घेऊन रिक्षा द्वारकेकडे वळणार, तेवढ्यात त्यांच्या नवऱ्यानं मेसेज वाचला. द्वारकेवरून पंचेचाळीस मिनिटं, वडाळ्यावरून अठरा. "दादा, वडाळ्यावरून घ्या!" बाळाच्या गळ्याभोवती नाळ होती. पोचल्या पोचल्या वहिनींना आत नेलं.

वहिनींच्या नवऱ्यानं फोनवर माझे आभार मानले. मी म्हणाले, "रस्ता अण्णांनी सांगितलाय."

पण अण्णा, नुसतं घड्याळ बघून तुम्ही सांगायचात, आता कुठे गाड्या तुंबल्या असतील ते. ते या स्क्रिप्टला कुठून येणार? सिग्नलला थांबले की अजून डावीकडे, तुमच्या नेहमीच्या जागेकडे बघते मी. ती सीट रिकामी असते.

तुमच्या डेपोतले जाधवमामा म्हणतात, नकाशात नसलेल्या वाटा दाखवतो. येत्या रविवारी मी त्यांच्याबरोबर निघतेय. आई त्या दिवसापासून माझ्या गाडीत बसलेली नाही. आज पेढे वाटता वाटता म्हणाली, "मीही येते गं."

तिला जपून नेईन, जपून घरी आणीन. शब्द देते.

तुमची,
प्रज्ञा