झटका आला नाही तर

बुधवार, मार्गशीर्ष, १९५८

हुसेनमामांना सदऱ्याचं बटण लावता येईना. संध्याकाळपासून तेच डोळ्यांपुढे येतंय.

पुरात वाहून गेलेला आमच्या पाणी उपसायच्या इंजिनाचा पाइप कुकडी नदीच्या घळीत अडकलाय. तो काढायला मामा आज गारठा लागू नये म्हणून अंगाला करडईचं तेल चोळून, कमरेला दोर बांधून खाली पाण्यात उतरले. दोर वरून मी धरला होता. माझ्या पाठीवर ऊन होतं, पण त्या अरुंद घळीत ऊन पोचतच नाही. पाइप हलला, निघाला नाही. मामा वर आले तेव्हा ओठ काळेनिळे पडले होते. बटण शेवटी मीच लावलं.

"होळीपर्यंत थांबू, मामा. पाणी लई गार हाय."

"तवर तुझी कांद्याची रोपं थांबत्याल व्हय? उद्या काढतो."

रोपं माझी, म्हणून मी गप्प बसलो का?

खाली काही बिघडलं की दोराला झटका द्यायचा आणि वरच्यानं ओढायचं, ही आमची रीत. झटका नाही म्हणजे सगळं ठीक. पण ज्या बोटांना बटण धरवेना, ती दोराला झटका कसा देणार?

उद्या झटका मी वरून देत राहीन. खालून जबाब आला नाही की ओढून घेईन. मग मामा कितीही शिव्या देवोत. शिव्या ऐकू आल्या म्हणजे बरंच.