पिसात मुरलेलं पाणी

९ नोव्हेंबर
धारवाडला आले. मिरजेला गाडीत बसवताना आई रडली. मी मात्र लोंढ्यापर्यंत खिडकीशी बसून मजेत होते. केलगेरीत कुसुमावती अक्कांकडे खोली मिळाली आहे. अक्का निवृत्त शिक्षिका. बोलतात मराठी, पण ताट वाढायला लागल्या की आग्रह कन्नडमध्ये. खिडकीतून तळं दिसतं. काठच्या चिखलात हिवाळी पाहुणे तुतवार पक्षी शेपट्या हलवत किडे टिपत होते. माझी नोकरी त्यांच्यासाठीच.

आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख राघवेंद्र सर, त्यांनी स्वतः काम समजावून दिलं. पीस वाढत असताना पक्षी जे पाणी पितो, त्याची खूण पिसात मुरते. पीस पुरं वाढलं की ती बदलत नाही. ठिकठिकाणच्या पाण्याची खूण वेगळी, म्हणून पिसाचा कपटा यंत्रात जाळला की तुतवार सैबेरियातल्या कुठल्या दलदलीत वाढला ते कळतं. केसांचंही तसंच, सर म्हणाले.

१३ नोव्हेंबर
उजाडताना जाळं लावलं. यंत्र चालवणारा उमेश सोबत होता. मुठीत तुतवाराचं काळीज धडधडतं ते मला फार आवडलं. एक पीस घ्यायचं आणि सोडून द्यायचं.

माझ्याआधी हे काम नेत्रा करायची. राहायचीही माझ्याच खोलीत. फेब्रुवारीत एका सकाळी सरांच्या जीपमधून पाण्याचे नमुने आणायला गेली, ती परतली नाही. परदेशी शिष्यवृत्ती मिळाली म्हणून न सांगता निघून गेली, असं सर सांगतात. अक्कांना ते पटत नाही. परदेशी जाणारी मुलगी वाळत घातलेले कपडे तसेच सोडून जाते का, असं त्या म्हणाल्या. सरांना ज्या शोधनिबंधाने नाव मिळवून दिलं, तो नेत्राचा होता असं उमेशने सांगितलं. तिने तक्रार करायचं ठरवलं होतं.

२२ नोव्हेंबर
पिसांचे आकडे आले. एकही सैबेरियाचं नाही. सगळ्या पिसांत एकच पाणी.

उमेशने पुन्हा जाळून पाहिलं. तेच. मग आसपासहून जमवून ठेवलेल्या पाण्याच्या नमुन्यांशी ताडून पाहिलं, तर रायापूरच्या पलीकडच्या बंद दगडखाणीशी जुळलं. तिथलं पाणी कुठे वाहून जात नाही, उन्हाने आटून जड होत जातं. असं पाणी दुसरं नाही. पण खाणीला उभे कडे, तुतवाराला पाय टेकायला चिखलही नाही.

सर म्हणाले यंत्र बिघडलंय, पिसं फेकून द्या. मी फेकली नाहीत.

२७ नोव्हेंबर
आजचा तुतवार जाळ्यात धडपडला नाही. मुठीत शांत बसून माझ्याकडे बघत राहिला. पंखाच्या मुळाशी काहीतरी गुंडाळलेलं होतं. सोडवलं. बाईचा लांब केस, मुळासकट. ओला.

१ डिसेंबर
केसाचे ठिकठिकाणचे बारीक तुकडे कापून जाळले, उरलेला जपून ठेवला. टोकाकडे निपाणीकडचं पाणी. नेत्रा निपाणीची. मधे धारवाडचं. आणि मुळाकडच्या अर्ध्या वितीत खाणीतलं.

केस महिन्याला बोटाच्या रुंदीइतकाही वाढत नाही. अर्धी वीत म्हणजे फेब्रुवारीपासूनची वाढ.

मेलेल्या माणसाचे केस वाढत नाहीत. उमेश यंत्र बंद करून बाहेर जाऊन बसला.

२ डिसेंबर
नेत्राचे वडील बाबाजी आले होते. दर महिन्याला येतात, अक्कांकडे जेवतात आणि जातात. मी त्यांना सगळं सांगितलं. उरलेला केस दाखवला. त्यांनी तो हुंगला, मग माझ्याकडे परत दिला. चौकीत जाऊ या म्हटलं, तर ते म्हणाले की चौकीत जाऊन चपला झिजल्या.

नंतर फार हळू बोलले, “पोरी, त्या सराला तेवढं त्या पाण्यापर्यंत नेशील? पुढचं तिचं ती बघेल.”

३ डिसेंबर
सरांना सांगितलं, उमेशला खाणीच्या नमुन्याबद्दल शंका आहे. तुमच्या हाताने ताजं पाणी भरलंत आणि जुळलं नाही, तर सगळी पिसं बाद ठरतील. उद्या दुपारी जाऊ म्हणाले. उमेशला सांगू नकोस, हेही म्हणाले.

माझ्यासाठी त्यांनी काय ठरवलंय, ते मला त्या क्षणी कळलं.

तरी जाणार.

४ डिसेंबर
खाण. कड्याच्या काठाशी उभ्या जीपमध्ये बसून लिहिते आहे. पाय मुरगळला असं सांगून वरच राहिले. सर बाटली घेऊन कड्यात खोदलेल्या पायऱ्या उतरलेत.

तुतवार आले. शेकडो. पाण्यावर उतरले — आणि उभे आहेत. पाण्यावर. खाली काहीतरी काळं पसरलंय, कडेपासून कडेपर्यंत. शेवाळ नाही. हलतंय. विंचरल्यासारखं—

सर माझं नाव घेऊन ओरडतायत. हात वर करून मदत मागतायत. इथून दिसतंय, कमरेपर्यंत गुंडाळलंय.

मी काच वर केली.

ओरडणं थांबलं. पक्षीही गप्प.

कुणीतरी पायऱ्या चढतंय. सर नाहीत, सरांचे बूट खाली तरंगतायत. अनवाणी पावलं. सावकाश. मला भीती वाटते आहे पण दार उघडणार, तिला सांगायला हवं की बाबाजी अजून दर महिन्याला—

हाक मारली, ती थांबली नाही. तिला ऐकू येत नाही. तिला वाटतंय जीपमध्ये अजून त्याचंच कुणी—

नेत्रा, मी त्याची ना