केसं-नखाची पुडी

एटापल्लीकडं, ता. ७ ऑक्टो. ९७
ताप. महिन्यात तिसऱ्यांदा. नाल्यावरच्या रपट्याचं, ठेंगण्या पुलाचं, काम चालू, मीच बंद. मडावीबाबाच्या पडवीत पडून हाओ. बुढा एकटाच राह्यते, सत्तरीच्या वर. पेज करून देल्ली. राजुऱ्याले घरी चिठ्ठी लिहाची होती. काय लिहू.

ता. ८
मच्छरदाणीले सुतळी पायजे म्हणून आढ्याच्या बांबूच्या नळीत हात घातला. कागदाची पुडी निंगाली. आत केसं अन नखं. माणसाचे. कागदावर उभे काळे अक्षरं, मराठी नाई, हिंदी नाई, तेलगूबी नाई. खाली लाल ठसा. बाबाचे केसं पांढरे, हे काळे. महिनाभरापयले मी याच्याच आंगणात केसं कापले होते...
पुडी होती तशी ठेवली. ताप काऊन उतरत नाई ते समजलं.

ता. ९
मिक्सरवाल्या शंकरभाऊले सांगतलं. कोणाले सांगू नको म्हटलं. तो म्हणे, "अबे येड्या, बुढा तुह्यावर करणी करून राह्यला. गावात तापानं दोन लेकरं गेले, ते कोणं खाल्ले मंग?"
सांजच्याले बोरिंगवर बायायनं बाबाले पाणी भरू देल्लं नाई. रिकामी घागर घेऊन आला.

ता. १०
आज बाबानं इचारलं. "पुडीले हात लावला का बाबू?" खोटं बोलता आलं नाई.
मंग त्यानं सांगतलं. ज्वानीत ठेकेदारानं याले अन मोठ्या भावाले फौजेच्या रस्त्याच्या कामाले ब्रह्मदेशाकडं नेलं. जपानच्या इमानानं बॉम्ब टाकला, भाऊ गेला. मंग जपान हारलं. त्यायच्या कैद्यायले याच्याच टोळीत खडी फोडाले लावलं. एक पोट्टा रोज बाजूले बसे. बाबा त्याच्याकडं पाहून थुंके. मंग त्या पोट्ट्याले ताप भरला. त्यायची रीत हाय म्हणे, लढाईले जातानी केसं-नखं कापून ठेवाचे. मुडदा नाई तं हे तरी घरी पोचावं. मरतानी पुडी बाबाच्या हातात कोंबली, अन लेकरू छातीशी धरल्याची खूण केली. "आई समजलं मले."
"मंग देल्ली काऊन नाई?"
"जपान कोठी हाय बाबू? मले चांद्याची मोटर समजत नाई."
"तुमच्या भावाले मारलं त्यायनं. तरी ठेवली?"
"माह्या भावाचं मले नखबी नाई भेटलं."

ता. ११
शंकरभाऊले म्हटलं, चुकी माही. हासला. "तुलेबी भारलं बुढ्यानं!" दवाखान्यातून रक्ताचा कागद आला, मलेरिया. तो घेऊन घरोघरी फिरलो. कोणी हातात घेत नाई. उद्या सकाळी चिंचेखाली बैठक. मागच्या साली बाजूच्या गावात अशीच झाली, त्या बुढीले... नाई लिहत.
ठाण्यात जावं तं जंगलातले बंदूकवाले दादालोक इचारतीन, काऊन गेला होता.
बाबाले म्हटलं, जाळून टाकू पुडी. म्हणे, "त्याची माय वाट पाहून राह्यली असन." जित्ती असली तं शंभरीची असन.

ता. १२, सकाळ
मुकादम म्हणे, ट्रकमंदी बस, तू बाहेरचा, तुले कोण इचारते. पेटी चढवली. मंग उतरवली. ट्रक गेला.
बाबानं धुतलेलं धोतर नेसलं. पुडी माह्या हातात देल्ली. "माहं आता कोणी आयकत नाई. तू सांग." मले गोंडी येत नाई. येते ते शंकरभाऊले, तो तं चिंचेखाली पुढंच बसला. इथी कुऱ्हाड सगळ्यायच्याच खांद्यावर असते, रोजच असते. आज दिसून राह्यल्या.
पयले माहं सांगीन. पुडी मी काढली, बोंब मी मारली. मंग जपान. जपान कसं सांगाचं...
बाबाचं नाव घेऊन हाका मारून राह्यले. माहं नाव कोणीच घेत नाई.
उठतो.