माधवच्या मोटारीखालची माझी निम्मी जागा

मी, नरहर कृष्ण दिवेकर, वय वर्षे त्रेपन्न, संस्कृत शिक्षक, मूळ राहणार दिवेआगर, हल्ली वस्ती गिरगाव, मुंबई, या मृत्युपत्रात असे लिहून ठेवतो की माझी बुद्धी शाबूत आहे, आणि धाकटे बंधू चि. माधव यांच्या मोटारीविषयी वाटणारा मत्सर मला पूर्ण शुद्धीवर वाटतो.

१. दिवेआगरची नारळी-पोफळीची वाडी पत्नी सौ. गोदावरी हिला. कोणी सल्ला देऊ नये.

२. माझे ग्रंथ शाळेला. माधवला एकही नाही. त्याला वाचायला मोटारीचा क्याटलॉग आहे.

३. गिरगावच्या घरापुढील अंगण आम्हां भावांचे निम्मे निम्मे. मोटार माधवच्या निम्म्यात मावत नाही. तिचा मागचा भाग चार वर्षे माझ्या जागेत उभा आहे. बिऱ्हाडकरू भरल्या घागरी घेऊन कडेने अंग चोरून जातात. मोटार गल्लीबाहेर निघेतो मी ट्रामने भायखळा गाठतो. हे माधवला ऐकवले की म्हणतो, "दादा, पण उभ्यानेच ना?"

एकदा त्याने सौ.ला वाळकेश्वरला फिरवून आणले. पुढे तीन दिवस घरात "भावजींची गाडी जराही हलत नाही हो!" एवढेच चालले होते. लग्नानंतर मी तिला म्हसळ्याहून बैलगाडीने आणले, त्याबद्दल अद्याप गौरवोद्गार ऐकलेले नाहीत.

सबब माझी जागा बिऱ्हाडकरूंच्या जाण्यायेण्यास द्यावी, तीत मोटारीचे चाकही येऊ नये, असे लिहून सौ.ला वाचून दाखवले. ती सुपारी कातरत होती.

"छान. म्हणजे तुमच्यामागे हे गुडघे घेऊन मी ट्रामच्या पायरीवर चढायचं?"

"नेईल की तुझा भावजी."

"तुम्ही आहात तोवर नेतात. पुढे मला कोण विचारतो?"

मी टाक पुन्हा दौतीत बुडवला.

४. म्हणून वरील कलम असे दुरुस्त करतो: गोदावरी हयात आहे आणि ती सांगेल तेव्हा माधव तिला देवळात, डॉक्टरकडे, बोटीच्या धक्क्यावर विनातक्रार नेतो आहे, तोवरच मोटार माझ्या जागेत राहील. एकदा टाळाटाळ झाली की हक्क संपला. तिच्या पश्चात जागा बिऱ्हाडकरूंची.

यायोगे तिला दीर्घायुष्य लाभावे असे मनापासून इच्छिणारा मजखेरीज आणखी एक इसम तयार होतो. त्याचाही मत्सर वाटतोच. ती सगळी वर्षे तिला घेऊन तो जाणार, मी नाही.

सही: नरहर कृष्ण दिवेकर

साक्षीदार:
अब्दुस्समद हमदुल्ला, उतारूंच्या सर्व्हिस मोटारीचे मालक, म्हसळा
अंबाजी भागोजी, वाडीचे शेजारी

मुक्काम दिवेआगर, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १८५५