एक प्रत दुसऱ्या घरी

१४ नोव्हेंबर

धाकटोबा,

ताईचे आशीर्वाद. आई बरी आहे, मी बरी आहे, तूही बरा असशील. रीत झाली. आता ऐक.

काल तुझा मेसेज आला, "अजून काही घेऊ नकोस, पुढच्या महिन्यात नवीन मॉडेल येतंय." वाचून हसावं की फोन भिंतीवर आपटावा तेच कळेना. म्हणून कागदावर लिहितेय. मी लिहीत असताना मधेच तुला लिंक पाठवता येणार नाही.

अरे, आपल्या घरातल्या कॉम्प्युटरला एक हार्ड डिस्क हवी होती. एक! जुनी टकटक करायला लागली तेव्हा मी साधा प्रश्न विचारला, कुठली घेऊ? घरातला कॉम्प्युटरवाला तू, म्हणून विचारलं. त्यावर काय काय पाठवलंस! फिरणाऱ्या चकत्यांची घ्यावी की नुसत्या चिपची, कुठल्या कंपनीच्या किती डिस्क वर्षभरात बंद पडतात, कुठली तापते, कुठल्या डिस्कची वॉरंटी नावापुरती. तक्ते काय, आलेख काय. स्वतःच्या लग्नाचा निर्णय तू समोरचा चहा गार व्हायच्या आत घेतला होतास. इथे मात्र प्रत्येक मेसेजच्या शेवटी, "घाई करू नकोस ताई, डिस्क भरवशाची हवी."

मी विचारलं, तोवर आतलं रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर घेऊन ठेवू का? तर म्हणे पेनड्राइव्हवर विसंबू नये. इंटरनेटवर ठेवू? तर घरातलं बोलणं परक्याच्या कपाटात कशाला. आधी माझ्या फोनमध्ये होतं, तेही तूच कॉम्प्युटरवर टाकून फोनमधून पुसायला लावलंस, फोन हरवतात म्हणून.

ती टकटक पहिल्यांदा आईनं ऐकली. टेबलावर बोट आपटून मला दाखवली आणि पाटीवर लिहिलं, "हे लवकर कुणाला तरी दाखव." मी म्हटलं, "धाकटा अभ्यास करतोय." तिनं पाटी पुसली आणि लिहिलं, "मग झालंच." तिचा खवचटपणा शाबूत आहे, एवढं कळवते. तू विचारलं नाहीस तरी.

तू विचारत नाहीसच. आईच्या ऑपरेशनला आला नाहीस, रजा नव्हती, मानलं. पण त्यानंतर आईला एक फोन नाही. मला म्हणालास, "तिला बोलता येत नाही, तर फोन करून काय करू?" तू बोल ना! तिचा घसा गेलाय, कान नाही गेले. तुझ्या प्रत्येक मेसेजात डिस्कची चौकशी असते. आईची एकातही नाही.

बसस्थानकावरच्या त्या काचेच्या खोलीत बसून तिनं सगळी नोकरी गाड्या पुकारण्यात काढली. तू घर सोडून गेलास ती गाडीही तिनंच पुकारली होती आणि आवाज इतकासाही हलला नव्हता. तो आवाज आता नाही. हे मी अजून कुणाला धड सांगू शकलेले नाही. "बरी आहे" म्हणते आणि विषय बदलते. वर तुलाही तेच लिहिलं बघ. आईचा आवाज गेला, धाकट्या, आणि तो परत येणार नाही. उरला होता तो त्या डिस्कमध्ये. ऑपरेशनच्या आधी तिनं आपल्या दोघांसाठी वेगवेगळं बोलून ठेवलं होतं, ते तुला माहीत होतं.

मागच्या आठवड्यात डिस्क बंद पडली. सकाळी कॉम्प्युटर लावला तर टकटकसुद्धा नाही. तशीच उचलून दुरुस्तीवाल्याकडे धावले. तो म्हणाला, "टकटक ऐकल्यावर इतके दिवस थांबलात कशाला?" काय सांगू त्याला? तुझे तक्ते दाखवू? निघेल तेवढं काढतो म्हणाला.

एक भाग निघाला, एक नाही.

चालतो का बघू म्हणून त्यानं निघालेला भाग लावला. आईचा कामावरचा आवाज, अगदी थाटात: "प्रवाशांनी लक्ष द्यावे. नेहमीप्रमाणे उशिरा धावणारी, आमच्या धाकट्या चिरंजीवांची गाडी..." दुकानातली गिऱ्हाइकं हसली. मी झटकन बंद करायला लावलं. तो तुझा भाग होता. पुढचा मी ऐकला नाही आणि ऐकणारही नाही.

गेला तो माझा. अर्धाच ऐकला होता. पुढचं ऐकवेना, म्हटलं आता नको, आहेच की, नंतर ऐकू. परवा आईला विचारलं, पुढे काय बोलली होतीस गं? तिनं पाटी पुढे ओढली. मग लिहिलं, "बोलता बोलता सुचलं होतं."

माझं रडून झालंय, आता नुसता संताप उरलाय. तुला वाटलं, डिस्क निवडतोय म्हणजे आईसाठी काहीतरी करतोय. नाही रे. तू तिच्याकडे पाठ करून बसला होतास, आणि त्यात माझं गेलं.

डिस्क घेतली. दुकानदार म्हणाला, "यात तीन प्रकार येतात..." मी म्हटलं, "आत्ता दुकानात असेल ती द्या." दोन घेतल्या. कारण तुझ्या एवढ्या पाल्हाळात एक वाक्य कामाचं होतं: एक प्रत नेहमी दुसऱ्या घरी असावी. दोन्हींवर तुझा भाग उतरवून घेतला. पहिली कॉम्प्युटरमध्ये बसवली. दुसरी माझ्या कपाटात आहे, आईच्या मफलरमध्ये गुंडाळून. दुसरं घर म्हणजे तुझंच, आणखी कुणाचं?

पण कुरिअरनं पाठवणार नाही. डिस्कला हादरे सोसत नाहीत, तूच लिहिलंयस. इंटरनेटवरूनही नाही, ते परक्याचं कपाट. इथे येऊन स्वतःच्या हातानं न्यावी लागेल. आणि न्यायच्या आधी आईसमोर बसून ऐकावी लागेल.

हे पत्र आईनं वाचलं. लिहिलं, "फारच रागावलीस." मी विचारलं, काही खोडू का? तिनं मानेनंच नाही म्हटलं आणि खाली लिहिलं, "कुठली गाडी ते विचार."

तर कुठल्या गाडीनं येतोस ते कळव. या वेळी ती पुकारणार नाही, पण फलाटावर उभी राहणार आहे.

अजूनही रागावलेली,
तुझी ताई