दोन तारे, एक टाकी

वेधशाळा, ९ फेब्रुवारी

ती. दादास, सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल पोचलं. गुडघा दुखत असूनही आई जिना चढते, याचं मला नवल वाटलं नाही. तुझ्या रुग्णालयातल्या एमआरआय यंत्राचा चुंबक गार ठेवणारं हेलियम खाली चाललंय आणि महिनाअखेरीस साहेबांची सही झाली की तू नवी टाकी मागवणार, तेही वाचलं.

वहिनीने विचारलंय, आकाशातले पुढारलेले लोक एकमेकांचे तारे बळकावतील का. मी सध्या तेच बघतेय. शेजारीशेजारी दोन तारे आहेत. दोघांचा उजेड हवा त्याहून कमी, ऊब जास्त. कोणी उजेड अडवून वापरत असेल तर असंच दिसेल. एकाची ऊब दुसऱ्याकडे सरकली, तर भांडण आहे म्हणायचं. माझं मत, नाही भांडणार. तिथवर सैन्य न्यायला जेवढी ऊर्जा लागेल, तेवढ्यात घरचा संसार कितीतरी युगं चालेल. एवढं गणित त्यांना येत असणारच. एप्रिलमध्ये ते तारे सूर्याआड जातात, त्याआधी वेध पुरे व्हायला हवेत.

माया आहे तेवढी राहू दे.
तुझी धाकटी

घर, ६ मार्च

चि. धाकट्या मोजपट्टीस, अ. उ. आ.

तुझ्या वहिनीचं समाधान झालेलं नाही. ती म्हणते, ज्यांना गणित येतं तेच जास्त भांडतात, शिक्षकांच्या खोलीत रोज बघते.

सही झाली. पुरवठादाराकडे गेलो. तो म्हणाला, या तिमाहीत एकच टाकी होती, ती वेधशाळेने नऊ फेब्रुवारीला मागवली आणि नेलीही. माझं पत्र तुला आठ तारखेला मिळालं, असं तूच लिहिलंयस. योगायोग असेल तर तसं लिही, मी मानेन.

पातळी खुणेपर्यंत आली आहे. त्याखाली गेली की चुंबक तापून उरलेलं हेलियम एका दमात उडेल आणि यंत्र कित्येक महिने बंद. मग डोक्याला मार लागलेल्या माणसाला घाटापलीकडच्या शहरात पाठवायचं, वाटेत काय होईल ते होईल. असेल तेवढी टाकी पाठव. तुमच्या डोंगरावर फोन लागत नाही, म्हणून पत्रानेच मागतोय, पण हक्काने.

दादाचे आशीर्वाद, चिडलेला असला तरी.

वेधशाळा, १३ मार्च

ती. दादास, सा. न. वि. वि.

योगायोग नाही. उष्णता टिपणारं आमचं यंत्रही हेलियमवरच गार राहतं. तुला विचारता आलं असतं. पण विचारणं म्हणजे मलाही हवंय हे तुला कळणं, आणि मग तूच आधी मागवलीस तर? तुझ्याबद्दल मी हे धरून चालले.

टाकी आज गाडीत चढवली. अर्ध्याहून जास्त शिल्लक आहे. तुझं सहा मार्चचं पत्र नऊ तारखेलाच आलं होतं. तुझं यंत्र किती तग धरेल आणि माझे वेध किती उरलेत, याचा हिशेब करत चार दिवस बसले.

पोचल्याचं कळव.
तुझी धाकटी

घर, १७ मार्च

चि. धाकटीस, अ. उ. आ.

टाकी काल दुपारी आली. चुंबक परवा सकाळी गेला. छतावरच्या नळीतून पांढरी वाफ उसळली आणि आग लागली समजून माणसं सलाइनसकट बाहेर पळाली. कोणाला इजा नाही. घाटापलीकडे पहिली गाडी संध्याकाळीच गेली. तुझी टाकी यंत्राच्या खोलीबाहेर उभी आहे, आतलं रोज थोडं उडतंय.

रागावलो नाही असं लिहिणार होतो. वहिनी म्हणाली, खोटं लिहू नका. आईला काही सांगितलेलं नाही. यापुढे ख्यालीखुशाली कळवीन. इथे काय कमी पडतंय ते लिहिणार नाही.

आशीर्वाद आहेतच, ते थांबवणं माझ्या हातात नाही.
दादा

वेधशाळा, २८ मार्च

ती. दादास, सा. न. वि. वि.

आमचं यंत्र परवा गरम झालं. तोवर त्या दोन ताऱ्यांमध्ये काहीच सरकलेलं दिसलं नाही. तरी अहवालातलं 'भांडणार नाहीत' हे वाक्य मी खोडलं. लढाई दिसली नाही म्हणजे झाली नाही, असं नसतं. एकाला दुसऱ्याची गरज आधी कळली, तर तेवढ्यातच लढाई उरकली असेल. वरिष्ठांनी पुरावा मागितला. मी म्हटलं, देता येणार नाही.

आईच्या गुडघ्याचं लिही. आणि काय कमी पडतंय तेही निर्धास्त लिही. ज्यासाठी तुझ्याआधी धावून टाकी मागवावी, असं आता माझ्याकडे काही उरलेलं नाही.

उरला असेल तेवढा लोभ असू दे.
धाकटी