न आलेले एकतीस फॉर्म

३ मार्च

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

तुझा शोधनिबंध मिळाला. नावामागे पदव्यांची शेपटी वाढली, पण पाकिटावरचे अक्षर तिसरीतलेच आहे. गणिताच्या बाईंनी वाचायचा तसा निबंध वाचला, म्हणजे आधी तक्ते. किडनी देऊन दहा वर्षे उलटलेल्या दोनशे चाळीस जणांना तू फॉर्म पाठवलेस. दोनशे नऊ भरून आले. त्यांत शंभरात चारच जणांची उरलेली किडनी कुरकुरते आहे. ठीक.

पण तळटिपेत लिहितोस की उत्तर न देणारे एकतीस जण इतरांसारखेच असावेत असे गृहीत धरले आहे. का धरलेस? वर्गात जो हात वर करत नाही त्याला गणित आलेच आहे, असे मी तीस वर्षांत कधी धरले नाही.

विचारायला कारण आहे. आमच्या शाळेच्या ग्रंथपालबाई हाच निबंध घेऊन आल्या होत्या. नवरा आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातो. बाईंची किडनी जुळते, एप्रिलमध्ये द्यायची आहे. म्हणाल्या, तुम्ही सोळा वर्षांपूर्वी भावाला दिलीत, तो लिहितो ते खरे का? मी म्हटले, विचारून सांगते.

तेव्हा सांग. लोभ आहेच, तो दरवेळी मागत बसू नये.

तुझी ताई

११ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तीन परीक्षकांनी निबंध तपासला, तळटिपेवर बोट कुणी ठेवले नाही. ते काम तुझ्यासाठीच राहिले होते.

उत्तर न देणारे बहुतेक धडधाकट असतात गं. घर बदलतात, फॉर्म हरवतात, विसरतात. फॉर्मवर फक्त क्रमांक आहेत, नावे माझ्या सहायिकेकडे. मी मुद्दाम पाहिली नाहीत, कारण तूही त्यांत आहेस आणि तुझी किडनी माझ्या पोटात आहे. तुझा फॉर्म पहिल्या आठवड्यातच आला असणार. गृहपाठ तू कधी चुकवला नाहीस. ग्रंथपालबाईंना निर्धास्त राहायला सांग.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा बारक्या

१९ मार्च

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

गृहपाठ चुकवला. फॉर्म क्रमांक ११७ दीड वर्ष माझ्या टेबलाच्या खणात, कंपासपेटीखाली पडून आहे. नववा प्रश्न क्रिएटिनिनचा. रक्तात ते एकाच्या आसपास असावे, माझे एक पूर्णांक आठ दशांश आहे. पाच वर्षे बीपीच्या दोन गोळ्या चालू आहेत. तू वाचशील आणि जेवण टाकशील, म्हणून आज भरू उद्या भरू करत राहिले. एका फॉर्मने सरासरीला काय फरक पडतो, अशी मनाची समजूतही घातली. हेच वाक्य वर्गात कुणी उच्चारले असते तर त्याला बाकावर उभे केले असते.

आता एकतिसांतल्या एकीचे तुला कळले. उरलेल्या तिसांनाही भाऊ-बहिणी, नवरे, मुले असतीलच.

ग्रंथपालबाईंना काल माझे रिपोर्ट दाखवले. त्यांनी ते दोनदा वाचले. मग म्हणाल्या, खरा आकडा येईपर्यंत थांबते. नवऱ्याला मशीनवर ठेवून त्या थांबल्या आहेत, हे लक्षात ठेवून हात चालव.

फॉर्म सोबत आहे. धावत येऊ नकोस. माझे डॉक्टर माझ्याइतकेच खडूस आहेत, त्यामुळे काळजीचे कारण नाही.

तुझी ताई

२० मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र सहा वेळा फाडले. मनातले तुला चालणार नाही, म्हणून आकडे लिहितो.

तिसांपैकी बावीस जण सापडले. सात जणांची किडनी तुझ्यासारखी किंवा तुझ्याहून वाईट. आधीच्या दोनशे नऊंतले आठ, हे सात, आणि तू: दोनशे बत्तिसांत सोळा. शंभरात चार नव्हे, सात. ताळा करून पाहा. उरलेल्या आठांपुढे या वेळी 'माहीत नाही' असे लिहिले आहे. फॉर्म का भरला नाही, याला चौघांनी एकच उत्तर दिले: घरी कळू नये म्हणून.

दुरुस्ती माझ्या नावाने छापून आली. मी स्वतः बहिणीची किडनी घेतलेला आहे, हेही त्यात सांगितले. अंक ग्रंथपालबाईंना पाठवला आहे.

एक राहिले. सहायिकेने तुझा फॉर्म अपुरा म्हणून परत दिला. एकोणिसावा प्रश्न कोरा आहे: पुन्हा वेळ आली तर हाच निर्णय घ्याल का? नियमाप्रमाणे तो परत पाठवतो आहे. नियम नसता तर विचारायची छाती झाली नसती.

तुझा बारक्या

९ जून

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

ताळा केला, जमतो.

ग्रंथपालबाईंनी गुरुवारी किडनी दिली. दोघेही ठीक आहेत. म्हणाल्या, चार सांगून सात निघाले असते तर नवऱ्याला जन्मभर टोमणे मारले असते. सात सांगितले, आता तोंड बंद.

एकोणिसाव्या प्रश्नापुढे 'होय' वर खूण केली आहे. तेव्हा कोरा ठेवला, कारण असले काही विचारायचे असते असे मला वाटले नव्हते. खाली शेऱ्याच्या जागेत लिहिले आहे की किडनी घेणाऱ्याने जेवणाच्या वेळा पाळाव्यात आणि पाणी भरपूर प्यावे. तो शेरा तक्त्यात घेऊ नकोस. तो एकट्यासाठी आहे.

तुझी ताई